काकूंची चिठ्ठी

बडोद्यात दांडिया बाजाराजवळ आमचे औषधांचे दुकान वडिलांच्या काळापासून आहे आणि गिऱ्हाइकांत मराठी घरे पुष्कळ. दारूबंदीचे राज्य असल्यामुळे व्यसन म्हटले की इथे चोरून येणाऱ्या बाटल्यांची किंवा पोलिसांनी पकडलेल्या पावडरीची चर्चा होते. झोपेच्या गोळीला व्यसन कोणी म्हणत नाही. त्या सोमवारपर्यंत मीही म्हणत नव्हतो.

सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका असलेल्या एक काकू अल्प्राझोलाम या झोपेच्या गोळीच्या तीन स्ट्रिप मागायला आल्या. त्यांची चिठ्ठी घड्यांवर चिकटपट्टीने सांधलेली होती आणि काळ्या शाईतील वर्ष निळ्या पेनाने गिरवून बदललेले होते. यजमान गेले तेव्हा पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी आठ वर्षे चालू होती आणि खरे सांगायचे तर ती आम्हीच देत आलो होतो. हे औषध एच-१ अनुसूचीत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत येते. २०१४पासून अशा प्रत्येक विक्रीची डॉक्टर, रुग्ण आणि संख्येसह वेगळ्या वहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपावी लागते. नोंदी आमच्याकडे चोख होत्या, पण त्या सलग वाचून पाहण्याचे कोणाच्या मनात आले नव्हते.

त्या आठवड्यात औषध निरीक्षकांची तपासणी सुरू होती, म्हणून मी नकार दिला. ‘‘अरे, मी काय गर्दुल्ली आहे?’’ असे म्हणताना त्यांचा काउंटरवर टेकलेला हात थरथरत होता. ती थरथर मी रागाची समजलो. ‘‘काकू, नवी चिठ्ठी आणा,’’ एवढे सांगून मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो, आणि कर्तव्य बजावल्याचे थोडे समाधानही मला वाटले.

बुधवारी दुपारी त्यांचा भाचा धावत आला. काकूंना आकडी आली होती आणि डॉक्टरांना गोळ्यांचा हिशेब हवा होता. मी वही घेऊन दवाखान्यात गेलो. आमच्या नोंदीप्रमाणे महिन्याला तीन स्ट्रिप, म्हणजे रोज एक गोळी होत होती. परंतु भाच्याने घरून आणलेल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात रिकाम्या स्ट्रिपभोवती रबरबँडने गुंडाळलेली तीन दुकानांची बिले निघाली आणि हिशेब रोज तीन गोळ्यांवर गेला. तपासणीच्या धास्तीने उरलेल्या दोघांनीही हात वर केले होते.

डॉक्टरांनी शांतपणे समजावले की वर्षानुवर्षे या गोळीवर विसंबलेला मेंदू ती अचानक थांबली की बेफाम होतो, आणि अल्प्राझोलामचा अंमल लवकर उतरत असल्यामुळे दोन-तीन दिवसांतच कंप, घाम, निद्रानाश आणि प्रसंगी आकडीपर्यंत मजल जाते. म्हणून ती महिनोन्‌महिने थोडी थोडी कमी करत सोडवावी लागते. मग त्यांनी विचारले, ‘‘नाही म्हणालात ते ठीक, पण त्यांना पाठवलेत कोणाकडे?’’ मला उत्तर देता आले नाही. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे १.१८ कोटी भारतीय डॉक्टरी सल्ल्याबाहेर गुंगीची औषधे घेतात. हा आकडा मी पूर्वी वाचला होता, पण त्यात आमच्या दुकानाची पायरी चढणारी काकू मला दिसली नव्हती.

आता त्या दर सोमवारी भाच्यासोबत येतात. आठवड्यापुरत्याच गोळ्या मी कात्रीने स्ट्रिप कापून देतो आणि त्या काउंटरवरच मोजून घेतात. मागच्या खेपेस म्हणाल्या, ‘‘भाऊ, एक कमी आहे.’’ या आठवड्यापासून डॉक्टरांनीच कमी केल्याचे मी सांगितले, तेव्हा त्यांनी पिशवीतून चष्मा काढला आणि चिठ्ठीवरची तारीख आधी वाचली.