सरांनी शिकवलेला ‘ट्रॅश’

शाळेच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेत प्रार्थना, कवायत, स्नेहसंमेलन आणि मैदानावरच्या लिंबाच्या झाडाविषयी माझे सहाध्यायी लिहितीलच. मी मात्र आठवीच्या इंग्रजीच्या तासाला शिकलेल्या एका शब्दापुरतेच लिहिणार आहे; कारण पुढे साखर कारखान्याच्या शेती विभागात नोकरी करताना, शाळेत शिकलेल्या कोणत्याही सूत्रापेक्षा किंवा सनावळीपेक्षा तो माझ्या अधिक कामी आला.

तो शब्द ‘ट्रॅश’. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे आणि शब्दार्थ पाठ करणे म्हणजेच इंग्रजी शिकणे, अशी आमची समजूत होती. गाइडमध्ये ट्रॅश म्हणजे कचरा, रबिश म्हणजे कचरा, गार्बेज म्हणजे कचरा, जंक म्हणजेही कचराच. एका मुलाने सरांना विचारले, की एकाच कचऱ्यासाठी इंग्रजांना इतके शब्द कशाला लागतात? सरांनी त्याला उत्तर न देता कुंपणापलीकडच्या तोडणी झालेल्या उसाच्या फडात पिटाळले आणि कवळाभर पाचट आणायला सांगितले. ते टेबलावर पसरले, तेव्हा खडूच्या भुकटीत वाळक्या पानांचा चुरा मिसळला आणि पुढच्या बाकावरच्या आम्हा तिघाचौघांच्या हातांना कूस लागून तास संपेपर्यंत खाज सुटली. सर म्हणाले, की ट्रॅश म्हणजे हे. बाकीचे अर्थ नंतरचे.

ही केवळ वर्ग जिंकण्याची युक्ती नव्हती. हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आढळतो आणि त्याचे मूळ निश्चित झालेले नसले, तरी गळून पडलेली पाने व काटक्या अशा अर्थाच्या स्कँडिनेव्हियन शब्दांशी त्याचे नाते असावे, असे कोशकार मानतात. पुढे वेस्ट इंडीजच्या बेटांवर इंग्रजांनी गुलामांच्या श्रमावर उसाचे मळे उभे केले, तेव्हा उसाच्या वाळलेल्या पानांना हाच शब्द लागला. आपल्याकडे हिरवा शेंडा तो वाढे, वाळलेला पाला तो पाचट आणि रस काढून उरते ते चिपाड, अशी प्रत्येकाला स्वतंत्र नावे आहेत. त्या मळेवाल्यांनी पाचट आणि चिपाड दोन्ही ट्रॅशमध्येच घातले आणि चिपाड वाळवून ठेवण्याच्या मोठ्या छपराला ‘ट्रॅश हाउस’ म्हटले. ते चिपाड रसाच्या कढयांखाली जळण म्हणून वापरले जाई. आमच्या भागातल्या गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड सारणारा गडी ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. चिपाडासाठी ‘बगॅस’ हा फ्रेंच वळणाचा शब्द नंतर रूढ झाला आणि पाचट तेवढे ट्रॅशकडे राहिले.

याच मळ्यांच्या इंग्रजीत या शब्दाचे क्रियापदही झाले. उभ्या उसाची वाळलेली पाने काढून टाकणे, म्हणजे ऊस ‘ट्रॅश करणे’. अर्थात पिकाची निगा राखणे. आज अमेरिकन बोलीत एखाद्याने खोली ‘ट्रॅश केली’ म्हणजे तिची नासधूस केली, असा अर्थ होतो आणि हा वापर गेल्या पन्नाससाठ वर्षांतला आहे. एकाच क्रियापदाने राखणे आणि नासणे या दोन्ही टोकांना जावे, हे मला अजूनही मजेचे वाटते.

व्याकरणाबाबत सर फार काटेकोर होते. ट्रॅश हे अगणनीय नाम आहे. त्याच्यामागे ‘अ’ लावायचा नाही आणि त्याचे ‘ट्रॅशेस’ही करायचे नाही. आम्ही वहीत तेच करून ठेवले होते. तेव्हा त्यांनी नियम सांगण्याऐवजी विचारले, की अंगण झाडून झाल्यावर तुमच्या घरी ‘दोन कचरे निघाले’ असे कोणी म्हणते का? केर, कचरा, गाळ यांचे अनेकवचन आपण करत नाही, त्याच समजुतीने इंग्रजही करत नाही, हे कळल्यानंतर त्या नियमाची घोकंपट्टी करावी लागली नाही.

भावंडशब्दांची ओळख त्यांनी उरलेल्या वेळात उरकली. गार्बेज म्हणजे मुळात कोंबडीबदके साफ करताना निघणारे आतडे-काळीज, म्हणून तो शब्द अजूनही स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याकडे झुकतो. अमेरिकेत काटेकोर बोलणारा माणूस कागद-खोक्यांच्या सुक्या कचऱ्याला ट्रॅश म्हणेल. जंक म्हणजे जहाजावरचे जुने दोरखंड, जे उकलून त्यांचा काथ्या डांबरासह फळ्यांच्या फटींत ठासत. त्यामुळे जंकमध्ये मोडीत निघालेली, पण कोणाच्या तरी उपयोगी पडू शकणारी वस्तू येते, आपल्या भंगारासारखी. रबिश हा ब्रिटिशांचा रोजचा शब्द. तेथे एखादे मत फेटाळायचे असेल, तर एवढा एकच शब्द उच्चारून काम भागते. ट्रॅश माणसाला लावला, तर मात्र ती जातीवर गेलेली शिवी होते. अमेरिकेत गरीब गोऱ्यांना हिणवण्यासाठी तो एकोणिसाव्या शतकापासून वापरला जातो. वर्गात कोणी कोणाला तसे म्हटले, तर ती चेष्टा मानली जाणार नाही, हे सरांनी त्याच दिवशी बजावले.

मी १९८१ साली दहावी झालो. कृषी पदविका घेऊन कारखान्यात लागलो, तेव्हा हा शब्द पहिल्याच हंगामात काट्यावर भेटला. तेथे ट्रॅश म्हणजे उसाबरोबर गव्हाणीत येणारे पाचट, वाढ्याचे तुकडे, मुळ्या आणि माती. हे सगळे चरकातून जाताना थोडा रस पिऊन घेते आणि उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण, खाली आणते, म्हणून कारखान्याला ते नको असते. कोयत्याने साफ करून बांधलेल्या मोळीत ते थोडे असते. तोडणी यंत्र उसाचे तुकडे करते आणि पंख्याने पाला उडवते, तरी काही पाला तुकड्यांबरोबर येतोच. म्हणून यंत्राच्या उसाच्या वजनातून ठरावीक टक्के वजावट होते आणि ती किती असावी यावरून शेतकरी व कारखाना यांच्यात दर हंगामात वाजते. या वादात दोन्ही बाजूंचे लोक ‘ट्रॅश’ असेच म्हणतात. ‘पाचट’ म्हटले, की शेतकऱ्याला ते आपल्या रानातले वाटते.

आणि रानात ते नकोसे नसते, हेच गावाला पटवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. ऊस तुटला, की संध्याकाळी फड पेटवून द्यायचा, अशी पद्धत होती. खोडव्याला, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी पाजायला सोपे जाते, सऱ्या मोकळ्या होतात, हे कारण. दुसऱ्या दिवशी काजळीचे काळे फरारे शाळेच्या वहीवर येऊन पडत. प्रत्यक्षात एका हेक्टरातून साधारण ८ ते १० टन पाचट निघते. त्यात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पालाश एक टक्क्याच्या आसपास आणि सेंद्रिय कर्ब भरपूर असतो. पेटवले, की कर्ब आणि नत्र हवेत जातात. सरीत पसरून, बुडखे छाटून, थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकले, तर तेच खत होते, ओल टिकते आणि खुरपणी वाचते.

निवृत्तीच्या आधीच्या हंगामात ‘ट्रॅश मल्चिंग’विषयीचे एक इंग्रजी परिपत्रक आमच्या कार्यालयातल्या नव्या मुलाकडे मराठी करायला आले. त्याने शब्दकोशात पाहून ‘कचरा आच्छादन’ असे टंकून ठेवले होते. ते तसेच गटाच्या कार्यालयांत लागले असते, तर फलकापुढे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला गावचा उकिरडा आपल्या खोडव्यात आणून टाकायचा आहे, असेच वाटले असते. मी ‘कचरा’ खोडून ‘पाचट’ केले आणि त्याला, आमच्या सरांच्याच पद्धतीने, गेटाबाहेरच्या ट्रॉलीतून मूठभर पाचट आणायला पाठवले.