हुपोमेनो : इब्री 12 पर्यंतची मजल

बायबलच्या ग्रीकमध्ये सध्या माझा मुक्काम ‘हुपोमेनो’ या क्रियापदावर आहे. ‘हुपो’ म्हणजे खाली, ‘मेनो’ म्हणजे राहणे. लूक 2:43 मध्ये सण आटोपून आईवडील परत निघतात आणि लहानगा येशू यरुशलेमेतच मागे राहतो, तिथे हेच क्रियापद आहे. सोसण्याचा तिथे काही संबंध नाही. नव्या करारात इतरत्र मात्र बहुतेक वेळा अर्थ येतो तो तग धरण्याचा, नेटाने टिकून राहण्याचा.

रूपं पाठ करताना शाळेतलं संस्कृत फार कामी आलं. भूतकाळ दाखवणारा ‘ए’ हा स्वर उपसर्ग आणि धातू यांच्या मधोमध बसतो : हुप्-ए-मेइना. अनु-अ-भवत् चं अन्वभवत् होतं, तसंच. अओरिस्टचा, म्हणजे ग्रीकमधल्या साध्या भूतकाळाचा, नेहमीचा ‘स’ इथे दिसत नाही, कारण धातूच्या शेवटी ‘न’ आहे. ‘स’ गळतो आणि भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबतो. एवढं पक्कं केलं की क्रिनो, आंगेल्लो ही क्रियापदंसुद्धा सोपी जातात.

खरा आनंद इब्री 12 मध्ये, म्हणजे नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात आहे. पहिल्या वचनात ‘हुपोमोने’ हे नाम : धीराने धावू या. दुसऱ्यात येशूने वधस्तंभ सोसला, तिथे अओरिस्ट ‘हुपेमेइनेन’ : घटना एकसंध, पूर्ण. लगेच तिसऱ्यात ‘हुपोमेमेनेकोता’ हे पूर्णकाळाचं धातुसाधित येतं. द्वित्वाचा, म्हणजे धातूचं पहिलं व्यंजन पुन्हा आल्याचा, ‘मे’ ऐकला की संस्कृतच्या लिट् (परोक्ष भूतकाळ) मधलं ‘चकार’ आठवतं. पापी लोकांचा विरोध सोसून झालाय, पण ज्याने तो सोसला तो आजही वाचकासमोर उभा आहे, असा भाव त्या रूपात मला जाणवतो. मग सातव्यात वर्तमानकाळी ‘हुपोमेनेते’, आणि आता सोसणारे वाचक स्वतः.

हे शेवटचं रूप ‘तुम्ही सोसत आहात’ असंही वाचता येतं आणि ‘सोसा’ असंही. दोन्हींची अक्षरं तीच. माझा कौल आज्ञार्थाला. पहिल्या वचनापासून सूर आर्जवाचाच आहे आणि तिसऱ्याची सुरुवातही आज्ञार्थानेच होते. दुसरी बाजू घेणारे अभ्यासक आहेत, त्यांचं म्हणणंही वजनदार आहे.

आता 1 पेत्र 2:20 हाती घेतलंय. तिथे एकाच वचनात दोनदा भविष्यकाळ आहे, ‘हुपोमेनेइते’. वर्तमानकाळापासून लेखनात फरक एका इओटाचा (ग्रीक ‘इ’ या अक्षराचा), म्हणून हस्तलिखितांमधले पाठभेदही सोबत पाहतोय. त्यानंतर स्तोत्रसंहितेचं जुनं ग्रीक भाषांतर. हिब्रू क्रमाने 27:14 मध्ये ‘परमेश्वराची वाट पाहा’ यासाठी ‘हुपोमेइनोन’ आहे, आणि परमेश्वर थेट द्वितीया विभक्तीत.