मुळावरची गाठ: सूत्रकृमी झाडाकडून काय करवून घेतो

नारायणगाव-जुन्नरकडे टोमॅटो दुपारी माना टाकतो, संध्याकाळी सावरतो, खत देऊनही पिवळा राहतो. पाणी वाढवण्याआधी एक झाड खुरप्यानं उकरून बघा. उपटू नका, बारीक मुळं जमिनीतच तुटतात. मुळं गाठाळलेली दिसली तर तो सूत्रकृमी, म्हणजे मुळात राहणारा धाग्यासारखा सूक्ष्म किडा. भुईमुगात मात्र घाई नको: रायझोबियम या हवेतला नत्र पिकाला देणाऱ्या उपयोगी जिवाणूची गाठ नखानं सुटते, आतून गुलाबी निघते, सूत्रकृमीची गाठ म्हणजे फुगलेलं मूळच, ते सुटणार कसं?

अंड्यातून निघालेली, अर्धा मिलिमीटरही नसलेली अळी मुळाच्या टोकामागून शिरते. पेशींच्या फटींतून आधी टोकाकडे जाते, तिथं वळून मधल्या गाभ्यात येते आणि पाच-सात पेशींत तोंडातल्या सुईनं स्राव सोडते. मग त्या पेशींची केंद्रकं विभागत राहतात, पेशी मात्र दुभागत नाही. एकेकीत कित्येक डझन केंद्रकं जमतात, भिंतींना आतून कंगोरे फुटतात आणि वाहिन्यांतला रस तिकडे ओढला जातो. भोवतालच्या पेशीही वाढतात. आपल्याला दिसते ती गाठ हीच. या महाकाय पेशी मेल्या तर अळी उपाशी मरते, कारण एव्हाना तिला हलताच येत नाही. जगली तर मादी शेकडो अंडी घालते, उबदार जमिनीत साधारण महिनाभरात.

एकदा झालेली गाठ औषधानं जिरत नाही, म्हणून सगळा जोर लागणीआधी. प्रतिकारक टोमॅटोत ‘एमआय’ जनुक अळीच्या तोंडाजवळच्या पेशी मारून टाकतं, पण जमीन 28 अंशांवर तापली की ते ढिलं पडतं. आपल्या उन्हाळी लागणीत नुसत्या वाणावर विसंबणं मला पटत नाही.

एप्रिल-मेमध्ये कृमी मारायला जमीन उन्हानं तापवायची तर आधी भिजवा, मग 25 मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद कडा मातीत गाडून 4 ते 6 आठवडे. कोरड्या मातीत उष्णता खोल उतरत नाही. काळा कागद स्वतःच तापतो, मातीला कमी देतो. नीट केलं तरी खोलवरचे कृमी वाचतात, त्यामुळे रोपं स्वच्छ ट्रेमधलीच घ्या.

झेंडूही चालतो: अळी मुळात शिरते, पण बहुतेकदा वाढत नाही. मात्र तो अख्ख्या रानात दाट, दोन-तीन महिने, तणविरहित हवा. बांधावरच्या एका ओळीनं दसऱ्याची फुलं मिळतात, एवढंच.