बारा नंबरची जर्सी आणि १०५ची मर्यादा

२० डिसेंबर २०२५ला काइल फील्ड या घरच्याच मैदानावर टेक्सस ए अँड एम या विद्यापीठाच्या संघाला मायामीने १०-३ असं हरवलं. सलग ११ सामने जिंकून सुरू झालेला हंगाम शेवटी ११-२वर थांबला. त्यानंतर तेराव्या दिवशी, म्हणजे २ जानेवारीला, ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे खेळाडूंना कॉलेज बदलायची खिडकी, उघडलं. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये सुतक पाळायला आता एवढाच वेळ मिळतो.

ऑफसीझन म्हणजे सुट्टी, असं ज्यांना वाटतं त्यांनी जानेवारी ते ऑगस्ट हा काळ एकदा नीट पाहावा. संघ घडतो किंवा बिघडतो तो याच काळात. ए अँड एमपुरतं बोलायचं तर इथे दोन ऑफसीझन एकाच वेळी चालू असतात. एक करारांचा आणि बेरजा-वजाबाक्यांचा. दुसरा परंपरांचा, ज्यात हजारो मैलांवरून आलेलं पोरही महिन्याभरात हातवारे शिकून ओरडायला लागतं. एरवी या दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध येत नाही. पण एका जर्सीवर ते आमनेसामने येतात, ती बारा नंबरची. त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही, असं माझं मत आहे.

आधी हिशोब. पूर्वी संघाला ८५ स्कॉलरशिपची मर्यादा होती आणि त्यांच्यावर तीस-पस्तीस ‘वॉक-ऑन’ असायचे. वॉक-ऑन म्हणजे स्कॉलरशिपविना, स्वतःची फी स्वतः भरून संघात येणारा विद्यार्थी. एकूण आकडा १२०च्या आसपास जायचा. ६ जून २०२५ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ‘हाउस’ खटल्यातली तडजोड मंजूर केली. १ जुलैपासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. पहिल्या वर्षी त्याची कमाल मर्यादा सगळ्या खेळांना मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलर होती. त्या बदल्यात स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि संघाच्या संख्येवर मर्यादा आली. फुटबॉलसाठी ती १०५. नियम बदलताना ज्यांची जागा जाणार होती अशा आधीच्या खेळाडूंना सूट मिळाली, त्यांची मोजणी १०५मध्ये होत नाही. पण ती मुलं पदवी घेऊन बाहेर पडली की सूटही संपते.

कागदावर पंधरा-वीस माणसं कमी झाली, एवढंच दिसतं. सरावात मात्र ते लगेच जाणवतं. आक्रमक फळीत पाच जण लागतात. दोन पूर्ण फळ्या समोरासमोर चालवायच्या तर दहा, तिसरी ठेवायची तर पंधरा. त्यातले तीन जण घोटा किंवा खांदा धरून बसले की तिसरी फळी गायब होते आणि मग त्याच दहा जणांना दुप्पट खेळवावं लागतं. पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून दाखवणारा ‘स्काउट टीम’ हा विभाग तर बहुतेक वॉक-ऑन मुलांवरच चालत आला आहे. हे काम टीव्हीवर कधीच दिसत नाही आणि त्याच्याशिवाय शनिवारचा सामना उभा राहत नाही.

आता बारा नंबर. गोष्ट सगळ्यांना माहीत असते, तपशील बहुतेकांचे चुकतात. २ जानेवारी १९२२, डॅलस, डिक्सी क्लासिक हा सामना. समोर केंटकीचं सेंटर कॉलेज, ज्यांनी दोनच महिन्यांपूर्वी हार्वर्डला ६-० हरवून देशभर खळबळ उडवली होती. ए अँड एमचे प्रशिक्षक डेना बायबल. एकामागून एक खेळाडू जखमी होऊन बाहेर येत होते आणि बाकावरची माणसं संपत चालली होती. ई. किंग गिल हा विद्यार्थी आधी फुटबॉलच्या संघात होता, पण बास्केटबॉलसाठी त्याने तो सोडला होता. त्या दिवशी तो प्रेस बॉक्समध्ये बसून पत्रकारांना खेळाडू ओळखून देत होता. बायबलनी त्याला खाली बोलावलं. स्टँडखाली त्याने जखमी हायनी वीअरचे कपडे चढवले आणि सामना संपेपर्यंत तो बाजूच्या रेषेवर उभा राहिला. ए अँड एमने सामना २२-१४ जिंकला. गिल एक मिनिटही खेळला नाही. आणि परंपरा उभी आहे ती नेमकी त्याच्या न खेळण्यावर. मैदानात अकरा असतात, बारावा तयार असतो. विद्यार्थी पूर्ण सामना उभे राहतात ते यामुळेच.

यातून प्रत्यक्ष जर्सी आली ती बऱ्याच उशिरा. १९८३मध्ये प्रशिक्षक जॅकी शेरिल यांनी किकऑफसाठी, म्हणजे चेंडू लाथाडून समोरच्या संघाकडे देण्याच्या डावासाठी, एक वेगळी तुकडी काढली. किक मारणारा सोडून बाकी दहाही जण साध्या विद्यार्थ्यांतून चाचणी घेऊन निवडलेले वॉक-ऑन. त्यांच्यानंतर आलेल्या आर. सी. स्लोकम यांनी ती तुकडी बंद करून एकाच वॉक-ऑनला बारा नंबर द्यायची पद्धत रुजवली. तीच आजपर्यंत चालू आहे. या जर्सीला नुसती शोभेची म्हणणाऱ्यांनी कलन गिलास्पियाकडे पाहावं. बारा नंबर घालून खेळलेल्या या वॉक-ऑनला ह्यूस्टन टेक्सन्स या व्यावसायिक संघाने २०१९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सातव्या फेरीत घेतलं.

या जर्सीवर आता दोन बाजूंनी दाब आहे. पहिली बाजू १०५ची. स्कॉलरशिपची मर्यादा उरली नसल्यामुळे ज्यांच्याकडे पैसा आहे ती कॉलेजं सगळ्या १०५ जणांना स्कॉलरशिप देऊ शकतात. मग वॉक-ऑन येणार कुठून? आणि आलाच तर तो कोचच्या आधीच ओळखीचा, शाळेतच हेरलेला असणार. कॅम्पसवरून चालत येऊन चाचणी देणारा नव्हे.

दुसरी बाजू खुद्द किकऑफची. बारा नंबरचं मुख्य काम म्हणजे किकऑफनंतर धावत जाऊन चेंडू आणणाऱ्याला पाडणं. २०१२ला किक ३० ऐवजी ३५ यार्डांवरून मारायचा नियम झाला आणि टचबॅक (किक शेवटच्या पट्टीतून परत आणली नाही तर चेंडू मिळायची जागा) २५ यार्डांवर आला. २०१८पासून २५च्या आत ‘फेअर कॅच’ (हात वर करून, पुढे न पळता घेतलेला झेल) घेतला तरी चेंडू २५वर मिळतो. हेतू चांगला होता, कारण पूर्ण वेगाने धावणाऱ्या दोन माणसांची टक्कर ही या खेळातली सर्वांत धोक्याची गोष्ट. पण त्यामुळे सामन्यातल्या कित्येक किकऑफना कोणी कोणाला पाडतच नाही. बारा नंबर साठ यार्ड पळतो, चेंडू शेवटच्या पट्टीबाहेर जातो, तो परत येतो. म्हणून त्याला पंट (चौथ्या प्रयत्नात चेंडू लांब लाथाडणं) कव्हरेजमध्ये, पंट अडवणाऱ्या फळीत, जमलं तर गोलरेषेजवळच्या फुलबॅकच्या जागी वापरणं हाच मार्ग उरतो. गिलास्पिया तसाच पुढे आला.

माझ्या मते ए अँड एमने १०५पैकी किमान तीन जागा लेखी राखून ठेवाव्यात, वसंतात कॅम्पसवर खुली चाचणी घ्यावी आणि बारा नंबर त्या तिघांतल्याच एकाला द्यावा. तीन यासाठी, की एकच ठेवला आणि त्याचा गुडघा ऑगस्टमध्ये गेला तर जर्सी मोकळी राहते किंवा स्कॉलरशिपवाल्याच्या अंगावर जाते. तीन जागांनी संघ कमकुवत होतो म्हणणाऱ्यांनी संघाच्या यादीतल्या १०३, १०४ आणि १०५व्या खेळाडूने गेल्या हंगामात किती मिनिटं खेळली ते तपासावं.

स्प्रिंग प्रॅक्टिसबद्दलही थोडं. नियम स्पष्ट आहे: ३४ दिवसांत १५ सत्रं. त्यातली पहिली दोन धक्क्याविना. १५पैकी फार तर १२ सत्रांत संपर्क, ८मध्ये प्रत्यक्ष पाडापाडी आणि त्या ८पैकी ३च मुख्यतः अकरा विरुद्ध अकरा अशा सराव-सामन्याची. त्यामुळे एप्रिलमधल्या आकड्यांवरून भाकितं करणं व्यर्थ आहे. क्वार्टरबॅकला (चेंडू फेकणाऱ्या, डाव चालवणाऱ्या खेळाडूला) हात लावायचा नसतो, बचावपटू जवळ आला की शिट्टी वाजते. खरा सामना असता तर तो निसटला असता की आडवा झाला असता, हे कोणालाच कळत नाही. पाहायचंच असेल तर दुसऱ्या फळीचे टॅकल (आक्रमक फळीच्या टोकांचे दोघे) पाहा, लाँग स्नॅपर (पंटसाठी चेंडू मागे फेकणारा) पाहा आणि किकऑफ कव्हरेजमध्ये सर्वांत आधी पोचणारे दोघे कोण ते टिपून ठेवा. अनेक कॉलेजांनी स्प्रिंगचा जाहीर सामना हल्ली बंद केला किंवा पातळ केला. चांगला खेळलेला दुसऱ्या फळीतला मुलगा इतरांच्या नजरेत भरतो, ही त्यामागची भीती. पोर्टल आता फक्त जानेवारीत उघडतं, त्यामुळे ती भीती थोडी कमी व्हायला हवी. दुखापतीची मात्र तशीच आहे.

या धामधुमीत परंपरांचं वेळापत्रक शांतपणे पुढे सरकत असतं. ए अँड एमला चिअरलीडर नाहीत, ‘येल लीडर’ आहेत, म्हणजे ठरलेल्या घोषणा (‘येल’) सगळ्यांकडून एकसुरात करून घेणारे. पाच जण, तीन शेवटच्या वर्षाचे आणि दोन तिसऱ्या वर्षाचे. विद्यार्थी त्यांना वसंतात मतदानाने निवडतात. म्हणजे सप्टेंबरमध्ये लाखभर माणसांना कोण ओरडायला लावणार, हे ऑफसीझनमध्येच ठरलेलं असतं. रेव्हिली ही रफ कोली जातीची कुत्री म्हणजे कॉलेजचं शुभचिन्ह, गणवेशधारी विद्यार्थ्यांच्या कॉर्प्स ऑफ कॅडेट्समध्ये हुद्द्याने सर्वांत वरची. तिची जबाबदारी कंपनी ई-२कडे असते आणि तिला सांभाळणारा दुसऱ्या वर्षाचा कॅडेट दर वर्षी नव्याने निवडला जातो. २१ एप्रिलला मस्टर, म्हणजे दिवंगतांची आठवण काढायचा मेळावा. वर्षभरात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं पुकारली जातात आणि घरचं किंवा मित्रांपैकी कोणीतरी ‘हजर’ म्हणतं. १९४२मध्ये जपान्यांच्या तोफा चालू असताना फिलिपिन्समधल्या कोरेगिडोर बेटावरच्या ए अँड एमच्या माजी विद्यार्थ्यांनी, म्हणजे अ‍ॅगींनी हा दिवस पाळला, तेव्हापासून तो जगभर पाळला जाऊ लागला. त्याचा फुटबॉलशी थेट संबंध नाही. पण हे लोक हरल्यावरही जागा सोडून का जात नाहीत, ते मस्टर पाहिल्यावर कळतं.

उन्हाळ्यात नव्या विद्यार्थ्यांसाठी फिश कॅम्प असतो, १९५४पासून. चार दिवस, कॅम्पसपासून दूर टेक्ससमधल्याच पॅलेस्टाइन या गावाजवळ. येल तिथेच पक्क्या होतात. पुण्यात गणपतीच्या आधी ढोलपथकं नदीकाठी सराव करतात, तसाच हा प्रकार: मिरवणुकीत दिसतं ते सगळं आधीच हातात बसलेलं असतं. येलची पद्धत अशी. लीडर खालून हाताची खूण करतो. ती पाहिलेल्या रांगेने तीच खूण करून मागच्या रांगेला द्यायची, अशी ती वरच्या मजल्यापर्यंत चढते. दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवल्या तर ‘फार्मर्स फाइट’. मग कमरेतून पुढे वाकून, हात गुडघ्यांवर टेकवून, सगळ्यांनी एकाच वेळी ओरडायचं. नवखे दोन चुका हमखास करतात: खूण मागे न देता आपणच आधी ओरडतात, किंवा आपला संघ चेंडू खेळत असताना ओरडतात. दुसरी चूक जास्त महागाची, कारण आवाजामुळे आपल्याच क्वार्टरबॅकचा इशारा फळीला ऐकू जात नाही आणि पाच यार्डांचा दंड बसतो.

घरच्या सामन्याच्या आदल्या रात्री बारा वाजता काइल फील्डवर मिडनाइट येल होते. सामना जिंकला तर पहिल्या वर्षाचे कॅडेट येल लीडरना पकडून फिश पॉन्ड या कारंज्यात टाकतात. हरला तर विद्यार्थी स्टँडमध्येच थांबतात आणि पुढच्या सामन्याची येल तिथेच होते. बहुतेक कॉलेजांत हरताना चौथ्या क्वार्टरमध्ये विद्यार्थ्यांचा भाग रिकामा झालेला असतो, म्हणून ही दुसरी प्रथा मला पहिलीपेक्षा मोठी वाटते.

बॉनफायरबद्दल एवढंच. टेक्सस या जुन्या प्रतिस्पर्धी विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याआधी विद्यार्थी स्वतः तोडलेल्या ओंडक्यांचा प्रचंड ढीग रचून पेटवत. १८ नोव्हेंबर १९९९च्या पहाटे तो रचतानाच कोसळला, १२ जण गेले, २७ जखमी झाले. कॉलेजने ती प्रथा कॅम्पसवर पुन्हा सुरू केली नाही, आणि ते योग्यच झालं.

टेक्ससविरुद्धचा सामना २०११नंतर थांबला होता, कारण ए अँड एम दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये (कॉलेजांच्या स्पर्धागटात), म्हणजे एसईसीमध्ये, गेलं. तो परत आला ३० नोव्हेंबर २०२४ला, काइल फील्डवरच, आणि टेक्ससने १७-७ जिंकला. पुढच्या वर्षी ऑस्टिनमध्येही तेच जिंकले. २०२६पासून एसईसीमध्ये कॉन्फरन्सचे आठऐवजी नऊ सामने आहेत. टेक्सस, एलएसयू आणि मिझुरी हे ए अँड एमचे दर वर्षीचे प्रतिस्पर्धी. एक जास्तीचा कडक सामना म्हणजे नोव्हेंबरमध्ये आणखी चार-पाच जखमी, आणि १०५ची टोचणी तिथेच सुरू होते.

ऑगस्टमध्ये पुणे, मुंबई, नागपूरहून एम.एस.साठी कॉलेज स्टेशनला, म्हणजे ए अँड एमच्या गावात, उतरणाऱ्यांसाठी थोडं. स्पोर्ट्स पास आधीच घ्यावा लागतो, सप्टेंबर उजाडल्यावर जाग येऊन उपयोग नाही. पास म्हणजे जागा नव्हे. सामन्याच्या आठवड्यात तिकीट रांगेत उभं राहून घ्यायचं असतं, आणि पदवीनंतरच्या विद्यार्थ्यांचा दिवस शेवटच्या वर्षाच्या मुलांबरोबर सोमवारी असतो. मोठ्या सामन्याला लोक आदल्या रात्रीपासून तंबू ठोकून बसतात, तेव्हा लॅबमधल्या चार जणांनी पाळ्या लावून घ्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला दुपारच्या सामन्याला ३५ अंशांच्या पुढे ऊन असतं आणि साडेतीन तास उभं राहायचं असतं, मध्यांतरात बँडचं संचलन संपल्यावर तेवढं टेकता येतं. जाड तळव्याचे बूट घाला, पाणी आदल्या दिवसापासून प्या. आणि किकऑफच्या वेळी चेंडूकडे न बघता बारा नंबरकडे बघा.