घरातलाच चोर

आज खानापूरच्या शेतात मामींनी तणभाताची, म्हणजे पिकात तण म्हणून आपोआप उगवणाऱ्या भाताची, एक लोंबी माझ्या तळहातावर नुसती टेकवली. पाच-सहा दाणे आपोआप गळले. लांब कुसळं, आत तांबूस तांदूळ. शेजारच्या इंटाण या लावलेल्या भाताच्या लोंबीला मात्र हिसडा देऊनही काही होईना.

"रोप असताना ओळखू येत नाही बघ. गळून पडतंय आणि पुढच्या वर्षी परत हजर."

मी शहाणपणा केला, "पण मामी, पिकाशी संकर झाला की दाणे पोचट पडतात ना?"

"पोचट? हे कुठलं पोचट! घरातलंच हाय की ते."

तिथंच अडकलो. पोचटपणा येतो तो मुख्यतः इंडिका आणि जपोनिका या भाताच्या लांबच्या उपजातींच्या संकरात. सहाव्या गुणसूत्रावरच्या एस-५ या जागी मारणारं जनुकही असतं आणि वाचवणारंही. वाचवणारं ज्या भ्रूणकोशाला (फुलातल्या, दाणा जिथे तयार होतो त्या भागाला) मिळत नाही, तो मरतो, दाणा भरतच नाही. तणभात बहुतेकदा पिकाच्या जवळच्या नात्यातलं, त्यामुळे ही भिंत सहसा आड येत नाही. संकरही खुशाल दाणे धरतो.

मामींनी हे एका वाक्यात उरकलं होतं!

तुमच्याकडे या भाताला काय म्हणतात?