झाटोपेकचा चेहरा

आज सुट्टी होती, म्हणून दुपारभर १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकची जुनी चित्रफीत बघत बसलो. चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक धावताना बघितलाय का कधी? मान एका बाजूला कललेली, जीभ बाहेर, चेहरा असा वेडावाकडा की गडी आता कोसळणार असंच वाटावं. आणि हाच माणूस १०,००० मीटर जिंकतो, ५,००० जिंकतो आणि मग आयुष्यात कधीच न धावलेल्या मॅरेथॉनलाही उभा राहतो. तीही जिंकतो, २ तास २३ मिनिटांत! तिन्ही ऑलिम्पिक विक्रम, एकाच स्पर्धेत. त्यानंतर हे तिहेरी यश कुणाला जमलेलं नाही. (५,००० जिंकला त्याच दिवशी बायकोनं, डानानं, भालाफेकीत सुवर्ण घेतलं. घर म्हणावं की काय हे!)

बाटाच्या बुटांच्या कारखान्यात कामाला असलेला हा पोरगा. मालकांनी शर्यतीत उतरवलं तेव्हा त्याला धावायचंच नव्हतं. पुढे सरावात ४०० मीटरचे तुकडे इतक्या वेळा काढायचा की लोक त्याला वेड्यात काढत.

मला मात्र १९६८ नंतरचा झाटोपेक जास्त आवडतो. प्राग स्प्रिंगची, म्हणजे १९६८ च्या तिथल्या राजकीय सुधारणांच्या चळवळीची बाजू घेतली म्हणून सैन्यातून काढलं, कम्युनिस्ट पक्षातून काढलं, अंगमेहनतीची कामं करायला लावली. त्याआधी १९६६ मध्ये त्यानं ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कला हेलसिंकीचं एक सुवर्णपदक देऊन टाकलं होतं. क्लार्कच्या नावावर ढीगभर विश्वविक्रम, पण ऑलिम्पिक सुवर्ण एकही नाही, म्हणून. आपण जुनी ट्रॉफीसुद्धा कुणाला देत नाही राव.