तुम्ही विचारलंत म्हणून: दुसरीच्या मुलांना विडीचं कशाला सांगता?

"बाई, सात वर्षांची पोरं ती. नसतं डोक्यात कशाला भरवता?" पालकसभेत, लग्नकार्यात, माझ्या घरातसुद्धा हे ऐकते. एकदाच नीट सांगते.

13 ते 15 वयाच्या शाळकरी मुलांची 2019 ची देशव्यापी पाहणी आहे. सिगारेट ओढणाऱ्यांपैकी 38 टक्के आणि विडी ओढणाऱ्यांपैकी 47 टक्के मुलांनी सुरुवात वयाच्या दहा वर्षांच्या आतच केली होती. मग आठवीत जाऊन मी कुणाला सांगू?

आणि भरवायला मी कशाला हवी? टपरीवरून बंडल आणायचं, उरलेल्या सुट्या पैशांची गोळी घ्यायची, हे त्यांना पहिलीतच येतं. 18 वर्षांखालच्या कुणाला तंबाखू विकू नये, असा 2003 चा कायदा आहे. टपरीवाला म्हणतो, पोरगं बापासाठी नेतंय.

म्हणून वर्गात सांगायचे, विडी आणायला पाठवलं तर "मी नाही जाणार" म्हणा. एका मुलीनं तसं म्हटलं. आजोबांना, म्हणजे तिच्या आण्णांना, पाहुण्यांसमोर. वडिलांनी मारलं आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन वर्गाच्या दारात आले. "मोठ्यांना उलटं बोलायला शिकवता?" मी कायदा सांगितला, फुप्फुसांचं सांगितलं. ते ऐकत नव्हते, आणि मीही त्यांचं ऐकत नव्हते. मुलगी खाली बघत उभी. गालावर वळ.

ते गेल्यावर तिनं विचारलं, "बाई, आण्णा वाईट आहेत का?"

"नाही गं. विडी वाईट."

"मग सोडत का नाहीत?"

शरीराला सवय लागते, मिळाली नाही की जीव कासावीस होतो, असं मी समजावलं. ती म्हणाली, "मग मी नाही आणली तर आण्णांना त्रास होणार ना?"

याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

नोकरीच्या सुरुवातीची मी म्हणाली असती, मार विसरतात, व्यसन राहतं. आता तसं म्हणवत नाही. पण त्या मुलीचा गाल दाखवून मला कुणी गप्पही बसवू नये. मारलं कुणी?

आता धड्याआधी घरोघरी जाते. सोडा म्हणतेच, नाहीच जमलं तर निदान लेकराला आणायला पाठवू नका, त्याच्याजवळ बसून ओढू नका. काही घरं ऐकतात. त्या मुलीच्या घरी मला चहा मिळाला, मान मिळाला. तिला आता पाठवत नाहीत, धाकट्या भावाला पाठवतात. जूनमध्ये तो माझ्या वर्गात येईल. त्यालाही सांगणार आहे.